नांग्यांसकट शंभर किलो

"ह्याची डावी नांगी कुठाय?"

"समुद्रात."

"आणि ह्याची उजवी?"

"तीही समुद्रात. डावीला सोबत नको का?"

"फर्जानी, मी थट्टा करायला आलेले नाही. काल जेवताना तीनदा सांगितलं, नांगी मोडायची नाही. तू मान हलवलीस."

"तोंडात घास होता. मान हलवण्याखेरीज करणार काय होतो मी?"

शाधलियाने मासळीचा अख्खा खोका बेटावरच्या अताया गावच्या धक्क्यावर पालथा केला. चाळीसेक निळे खेकडे फरशीवर पसरले आणि लंगड्या माणसांसारखे वाट फुटेल तिकडे सरकू लागले. दोन्ही नांग्या जागेवर असलेले त्यात चार निघाले. ते चार तिने बाजूला घेतले. बाकीच्यांकडे तिने असं पाहिलं, जणू त्यांनीच आपले हात आपणहून तोडून घेतले होते.

धक्क्यावर जाळी विणत बसलेले म्हातारे माना खाली घालून ऐकत होते. ह्या नवराबायकोचं भांडण म्हणजे त्यांची सकाळची करमणूक. आज मात्र शाधलियाच्या आवाजात रोजची मजा नव्हती. सप्टेंबरची चार तारीख होती, आणि चौदा तारखेच्या आत तिला समुद्रापलीकडच्या सफाक्स शहरातल्या शीतगृहात शंभर किलो खेकडा पोचवायचा होता. पूर्ण खेकडा, दोन्ही नांग्या शाबूत, एकेक दोनशे ग्रॅमच्या वर. सरकारी कागदावर हे सगळं लिहून आलं होतं. पोचवला, तर ऑक्टोबरात स्पेनमध्ये भरणाऱ्या मासळीच्या प्रदर्शनात 'जरीद'ला स्वतःच्या नावाचं टेबल मिळणार होतं. नाही पोचवला, तर अजून एक वर्ष सोललेला माल ह्याच्या-त्याच्या कारखान्याला, त्यांच्याच लेबलाखाली.

'जरीद' म्हणजे शाधलिया आणि अठराजणी. गावातल्या बंद पडलेल्या तेलघाण्याची खोली चुना लावून, टाइल्स बसवून त्यांनी खेकडा सोलायची जागा केली होती. नाव शाधलियाचंच. समुद्रात मासे कोंडायला खजुराच्या झावळ्यांच्या भिंती रोवतात, त्या झावळ्यांना बेटावर जरीद म्हणतात. तिचे वडील त्या भिंती रोवण्यात वाकबगार होते. नऊ वर्षांची असताना ती त्यांच्याबरोबर ओहोटीच्या पाण्यात मांडीपर्यंत उभी राहायची आणि कुठली झावळी कुठल्या प्रवाहाला टिकेल ते हाताने चाचपून सांगायची. वडील चारचौघांत म्हणायचे, माझ्या ह्या पोरीला समुद्र वाचता येतो. पुढे समुद्रातला त्यांचा तो तुकडा भावाच्या नावावर झाला, कारण मुलींना समुद्र देत नाहीत. भावाला पोहायचाही कंटाळा. शाधलिया ह्यावर कधी बोलत नाही. बोलायला लागली की थांबत नाही, हे तिला ठाऊक आहे.

विसाव्या वर्षी तिने फर्जानीशी लग्न केलं. तो गावातला सगळ्यांत बडबडा मच्छीमार, आणि तिला गप्प माणसांची भीती वाटायची. चाळिशीला टेकली तेव्हा हा निळा खेकडा कुठूनसा आला. एका उन्हाळ्यात चार दिसले, पुढच्या उन्हाळ्यात चार हजार. जाळ्यात घुसायचा, आतले मासे खायचा आणि जाताना जाळं फाडून जायचा. गावाने त्याचं नाव त्या दहशतवादी टोळीवरून दाएश ठेवलं आणि पहिली दोन वर्षं पुरुष नुसते शिव्या देत जाळी शिवत बसले. मग कारखाने उघडले. ह्या खेकड्याचं मांस परदेशात सोन्याच्या भावाने जातं असं कळलं, आणि शाधलिया रोज पहाटेच्या बोटीने सफाक्सला जाऊन पांढऱ्या बुटांत उभी राहू लागली. आठ तास खेकडा सोलायचा. पहिला झटका नांगीला, दुसरा कवचाला, तिसरा मधल्या जाळीला. सहा वर्षं.

एकदा डब्यावरचं परदेशी लिपीतलं लेबल तिने गावातल्या मास्तरणीकडून वाचून घेतलं. 'बेटांवरच्या कोळिणींनी प्रेमाने हाताने सोललेलं.' खाली कंपनीचं नाव. वर एका पोरीचं चित्र, डोक्यावर टोपली, ओठांना लाली. शाधलिया मास्तरणीला म्हणाली, ही कोण? मास्तरीण म्हणाली, ही तूच. त्या महिन्याच्या शेवटी तिने पांढरे बूट कारखान्याच्या दारात ठेवले ते ठेवलेच.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली आहे. डबा आपला, तर नावही आपलं. बाकी सगळं चालेल.

ह्याच सुमाराला सरकारला मासळीच्या निर्यातीचा पुळका आला. परदेशी बाजारपेठ वाढवायची, लहान गटांना हात द्यायचा, अशी योजना निघाली, आणि ती घेऊन सफाक्सच्या कचेरीतून सी अनीस, म्हणजे अनीससाहेब, बेटावर आला. तिशीचा पोरगा, टाय लावलेला, बोट लागल्यामुळे तोंड लिंबासारखं झालेलं. शाधलियाने त्याला चहा पाजला, केपरच्या आंबट कळ्या घातलेल्या टोमॅटोच्या रश्श्यात मासा खाऊ घातला आणि त्याचे सगळे कागद ऐकून घेतले. पोरगा मनाने चांगला होता. तिला खालती म्हणायचा, मावशीला म्हणतात तसं, आणि मनापासून म्हणायचा. म्हणून तर सगळा घोळ झाला. वाईट माणूस असता तर तिने पहिल्याच दिवशी ओळखला असता.

दोन वर्षांत सरकारने 'जरीद'ला पुष्कळ काही दिलं. तीन भाषांतली माहितीपत्रकं दिली. त्यांवर खेकड्याचा फोटो होता, पण भलत्याच खेकड्याचा, तोही उकडून लाल झालेला. छातीला लावायचे झेंड्याचे बिल्ले दिले, पन्नास. एकोणीस बायकांना पन्नास बिल्ले. सफाक्सच्या हॉटेलात दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. परदेशी गिऱ्हाइकाशी हात कसा मिळवायचा, किती वेळ धरायचा, डोळ्यांत बघायचं की नाही. माल कधी पोचेल असं विचारलं तर 'इन्शाल्ला' म्हणायचं नाही, कारण ते लोक घाबरतात. ह्यावर मब्रूका उठून उभी राहिली होती. मब्रूका म्हणजे गटातली सगळ्यांत थोरली, सत्तरीची, आणि कुणालाच न भिणारी. ती म्हणाली, मग बोट वेळेवर सुटेल की नाही हे कुणाच्या भरवशावर सांगायचं, तुझ्या?

दिलं नाही ते एकच. बर्फाचं यंत्र. शाधलियाने त्यासाठी चार अर्ज केले. अनीसने दर वेळी तेच समजावलं, की बर्फ हा उत्पादनात येतो आणि आमचं खातं बाजारपेठेचं. उत्पादनवाल्यांकडे गेली तर ते म्हणाले, तुमचं नाव निर्यातीच्या यादीत आहे, तिकडेच मागा. त्या दिवशी परतीच्या बोटीवर ती डेकवर उभी राहून मोठमोठ्याने एकटीच बोलत होती आणि लोक तिच्यापासून दोन हात लांब उभे होते.

आणि आता हे नांग्यांचं.

परदेशी गिऱ्हाइकाला पूर्ण खेकडा हवा असतो. ताटात ठेवल्यावर तो खेकड्यासारखा दिसला पाहिजे. पण बेटावरच्या एकाही पुरुषाने गेल्या दहा वर्षांत पूर्ण खेकडा किनाऱ्याला आणला नव्हता. जाळं वर आलं की पहिलं काम म्हणजे नांग्या मोडणं. मोडल्या नाहीत तर तो जाळं कापतो, बोट कापतो, शेजारच्या माशाला कापतो. कारखान्यांनाही चालायचं, त्यांना मांसाशी मतलब. सगळ्या होड्यांवर हात असाच चालायचा. उचल, मोड, मोड, टाक.

"ज्याने माझी तीन जाळी फाडली," फर्जानी धक्क्यावर म्हाताऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "त्याच्या नांग्या मी आता जपायच्या. उद्या म्हणशील, त्याला उशी दे."

"उशी मी देईन. तू नांग्या दे."

दुसऱ्या दिवशी त्याने अकरा धड खेकडे आणले. तिसऱ्या दिवशी सात. तो शपथेवर सांगत होता की आपण मुद्दाम करत नाही, आणि शाधलिया शपथेवर सांगत होती की तू मुद्दामच करतोस, कारण हे टेबल मिळालं तर मी स्पेनला जाईन आणि तुला स्वतःच्या हाताने अंडं तळून खावं लागेल. शेवटी, ज्या होडीवर वीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, तिच्यावर ती स्वतः चढली.

समुद्र सपाट होता, सकाळीच घामटं निघत होतं. फर्जानी जाळं ओढू लागला आणि ती त्याच्या हातांवर नजर ठेवून बसली, परीक्षेत मास्तर बसतो तशी. पहिला खेकडा आला. फर्जानी वाऱ्याबद्दल काहीतरी सांगत होता. सांगता सांगता त्याच्या हाताने खेकडा उचलला, अंगठ्याने नांगी मागे दाबली, कट्. तो अजून वाऱ्याबद्दलच बोलत होता.

"मोडलीस."

"काय?"

"नांगी. आत्ता."

त्याने हातातल्या खेकड्याकडे पाहिलं. मग हाताकडे. उजवं मधलं बोट पहिल्या कांड्यापासून वाकडं, पहिल्या वर्षीच्या एका खेकड्याची आठवण. तो जरा वेळ काही बोलला नाही, आणि फर्जानी बोलत नाही म्हणजे काहीतरी खरंच झालं आहे हे शाधलियाला तीसेक वर्षांच्या अनुभवाने कळत होतं. "हातच करतो गं," तो म्हणाला. "मला विचारतही नाही."

ती म्हणाली, सरक, मी करते. तिने बाही वर केली आणि जाळ्यातून खेकडा सोडवायला घेतला. बायकांचा हात, सावकाश, मागून धरलेला. सोडवला, वर काढला. तेवढ्यात शेजारच्या होडीवरून कुणीतरी हाक मारली म्हणून तिने मान वळवली, आणि मान परत वळेपर्यंत नांगी तिच्या मुठीत होती आणि खेकडा पायाशी. सहा वर्षं पांढऱ्या बुटांत. पहिला झटका नांगीला.

फर्जानीने तो खेकडा उचलून बाजूला टाकला. हसलासुद्धा नाही. त्या न हसण्याचाच तिला जास्त राग आला.

त्या दुपारी तिने जुनी घोंगडी फाडली आणि हातमोजे शिवले. चारही बोटं एकत्र, अंगठाही आतच. पिशवीच म्हणायची. सप्टेंबरच्या उकाड्यात लोकरीच्या पिशव्या हातात घालून फर्जानी होडीवर चढला तेव्हा म्हाताऱ्यांनी जाळी खाली ठेवून रांगेने उभं राहून पाहिलं. कुणीतरी विचारलं, बर्फ पडणार आहे का रे? त्याने पिशवीनेच त्याला हातवारे केले. त्या पिशव्यांनी खेकडा मोडता येत नव्हता. धरताही येत नव्हता. पण जाळं पिंपावर उलटं धरून झाडता येत होतं, आणि पिंपात बर्फाचं पाणी असलं की खेकडा दोन मिनिटांत बधिर होत होता. मग शाधलिया भिजवलेल्या झावळीच्या पट्टीने दोन्ही नांग्या पोटाशी बांधायची. लुगड्याची गाठ मारावी तशी, एकदा मारली की सुटायची नाही.

बर्फ नव्हताच. म्हणून एकोणीस घरांच्या फ्रीजमधलं सगळं बाहेर निघालं आणि तिथे बाटल्या, डबे, पातेली, पोरांच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा पाणी भरून गोठायला बसल्या. बाहेर निघालेलं वाया घालवायचं कसं, म्हणून गावाने पाच दिवस ऑक्टोपस घातलेला रव्याचा कुसकुस खाल्ला. मब्रूकाच्या नातवाने सहाव्या दिवशी ताट सरकवलं तेव्हा तिने सांगितलं, खा, स्पेनसाठी आहे.

फर्जानीचं पाहून बाकीच्या चार होड्यांनीही पिशव्या मागून नेल्या. तेरा तारखेला संध्याकाळी वजन झालं. एकशे चार किलो. प्रत्येक खोक्यावर निळ्या अक्षरांत 'जरीद, अताया', खाली लहान अक्षरांत एकोणीस नावं. मास्तरणीने स्पेनच्या लिपीत लिहून दिली होती. शाधलियाने आपलं नाव त्या लिपीत बोटाने एकदा गिरवून पाहिलं, कुणी बघत नाही असं पाहून.

चौदा तारखेला पहिल्या बोटीने ती आणि फर्जानी सफाक्सला पोचले. अनीस शीतगृहाच्या दारातच उभा होता. त्याने तापमान तपासलं, वजन तपासलं, प्रत्येक खोक्यातले वरचे-खालचे खेकडे काढून नांग्या मोजल्या. दोनच खेकडे अधू निघाले. तो इतका खूश झाला की त्याने फर्जानीला मिठी मारली, टायला वास लागेल ह्याची पर्वा न करता. मग त्याने दोघांना वर कचेरीत नेलं, कॉफी मागवली, आणि दार लावून घेतलं.

दार लावून घेतलं तेव्हाच शाधलियाला कळलं. चांगली बातमी कुणी दार लावून सांगत नाही.

अनीस बराच वेळ कॉफीत साखर ढवळत राहिला. मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि कितीतरी वेळ मुद्द्याच्या भोवतीच फिरला. समिती बसली. खूप चर्चा झाली. 'जरीद'चं सगळ्यांनी फार कौतुक केलं. नमुना तर उत्तमच आहे. पण स्वतःच्या नावाचं टेबल त्यालाच देता येतं, ज्याने मागच्या तीन वर्षांत निर्यात केली आहे.

"निर्यात करता यावी म्हणून तर टेबल हवंय," शाधलिया म्हणाली.

"मला पटतं, खालती. वर पटत नाही."

"हा नियम कधी झाला?"

"आधीपासूनच आहे."

"दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी मासा खाल्लास तेव्हाही होता?"

अनीसने मान खाली घातली. त्याला वाटलं होतं, सूट मिळेल. त्याने प्रयत्नही केला होता, तीन पत्रं लिहिली होती, ती दाखवायला तो फाईल उघडू लागला. शाधलियाने हाताने नको म्हटलं. पत्रं लिहिणारा माणूस होता तो, पत्रं त्याने लिहिलीच असणार.

पण वाया काहीच जाणार नाही, तो घाईघाईने पुढे म्हणाला. नमुना जाणार. सफाक्सची एक मोठी कंपनी तिच्या टेबलावर तो ठेवायला तयार आहे. तिच्या खोक्यांत घालावा लागेल, तिच्या लेबलाखाली, एवढंच. तुम्ही काम करायचात ती कंपनी नव्हे, दुसरी.

"दुसरी," शाधलिया म्हणाली.

"आणि तुम्ही सुद्धा चला, खालती. तिकीट सरकार काढेल. हॉटेल, जेवण, सगळं. बेटाचा पोशाख घालायचा, टेबलापाशी उभं राहायचं, लोकांशी हसून बोलायचं. बेटावरची खरीखुरी कोळीण. त्यांना फार आवडतं." त्याने एक फॉर्म तिच्यापुढे सरकवला. त्यात एका रकान्यात तिचं नाव आधीच टंकून आणलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं, सांस्कृतिक सहभाग.

शाधलियाने तो रकाना वाचला. तिच्या मनात कितीतरी गोष्टी एकदम आल्या. एकोणीस फ्रीज. घोंगडी. मब्रूकाला काय सांगायचं. दोन दिवस हात कसा मिळवायचा ते शिकलो आणि मिळवायचा तो दुसऱ्याच्या टेबलापाशी उभं राहून. ओठांना लाली लावायचीही का, असं विचारावंसं वाटलं, पण पोरगा बिचारा खरंच उत्तर शोधत बसला असता.

"नावं आहेत त्या खोक्यांवर," ती एवढंच म्हणाली.

"लेबलं सहज निघतात, खालती. मी पाहिलं." आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन तो कानापर्यंत लाल झाला.

मग तो फर्जानीकडे वळला, बुडत्याने काठी धरावी तसा. "सी फर्जानी, तुम्ही तरी सांगा त्यांना. पाऊल तर आत पडेल. आज कंपनीच्या नावाने, उद्या स्वतःच्या. एवढी मेहनत केली तुम्ही दोघांनी."

शाधलियाने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिला भीती वाटत होती. हा माणूस ह्या जन्मात कधी गप्प बसलेला नाही. आता हो म्हणेल, जा म्हणेल, फुकटचं विमान आहे, बघून ये म्हणेल, आणि त्यात त्याची काही चूकही नसेल. मग ती कुणाशी भांडणार होती?

फर्जानीने उरलेली कॉफी संपवली. कप बशीत ठेवला. गुडघ्यावरची टोपी डोक्यावर घातली, उठला, दार उघडलं आणि जिना उतरू लागला. खाली शीतगृहाच्या पहारेकऱ्याला त्याने एवढंच विचारलेलं वर ऐकू आलं, की हातगाडी कुठे मिळेल, पाच खोकी आहेत.

"कुठे चालले ते?" अनीस म्हणाला. "खालती, खोकी आता परत नेऊन करणार काय तुम्ही? दुपारपर्यंत बर्फ टिकणार नाही. खालती, यादी आज संध्याकाळी वर पाठवायची आहे. तुमच्या नावापुढे निदान काय लिहू, तेवढं तरी सांगा."

शाधलियाने खुर्चीच्या पाठीवरची ओढणी उचलली, डोक्यावरून घेतली, फॉर्म होता तिथेच राहू दिला, आणि ती नवऱ्याच्या मागोमाग जिना उतरली.